रूळ आणि रस्ता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी जुनी, पॉइंटवाली बुलेट ३५० सहा वर्षं शेडमध्ये झाकून उभी आहे. आता निवृत्त झालोय, हाताशी वेळ आहे. मेकॅनिक म्हणतो, नवी बॅटरी टाका, पेट्रोल भरा आणि किक मारा. तसं करावं का? (एक वाचक, मिरज)

नको. किक सगळ्यात शेवटी. सहा वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल केव्हाच ओघळून गेलेलं असतं आणि पिस्टनच्या रिंगा जिथे थांबल्या तिथे गंजाची बारीक रेघ धरलेली असते. त्यावर जोराची किक मारली की रिंग तरी तुटते, नाहीतर बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडा पडतो, आणि मग साध्या सफाईचं काम रीबोअरवर, म्हणजे सिलिंडर कातण्यावर जातं.

आधी स्पार्क प्लग काढा. भोकातून १०–१५ मिलि इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी मेन स्टँडवर घेऊन चौथ्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. प्लग काढलेला असल्याने कॉम्प्रेशनचा विरोध नसतो, त्यामुळे पिस्टन अडतोय का, नेमका कुठे अडतोय, हे हाताला कळतं. किकला ते कळत नाही. अजिबात हलत नसेल तर डिझेल आणि गिअर ऑइल निम्मंनिम्मं करून सिलिंडरमध्ये ओता, दोन-तीन दिवस मुरू द्या आणि चाक पुढे-मागे हलवत राहा. लांब पाइप लावून जोर करू नका.

मग ऑइल. या बुलेटचा ऑइल टँक वेगळा नाही, क्रँककेसच्या ओतकामातच मागच्या बाजूला आहे. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ऑइल पंपातून झिरपत क्रँकच्या खोलीत उतरतं. टँकात काडी बुडवून पाहिली तर ऑइल कमी दिसतं, माणूस वरून आणखी ओततो, आणि इंजिन चालू झालं की ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल उडतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. लोक समजतात रिंगा गेल्या. निम्म्या वेळा रिंगा ठणठणीत असतात. म्हणून खालचे सगळे ड्रेन प्लग उघडून क्रँककेस आणि टँक दोन्ही रिकामे करा, फिल्टर बदला, आणि २० डब्ल्यू ५० ऑइल भरा. पूर्ण रिकाम्या इंजिनाला साधारण सव्वादोन लिटर लागतं.

पेट्रोल टँक उतरवून आत टॉर्च मारा. तांबूस गंज दिसला तर साधं व्हिनेगर भरून एक दिवस ठेवा, मूठभर बारीक नट टाकून हलवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. ओला टँक दोन तासांत पुन्हा गंजतो. कार्ब्युरेटरचा बाउल उघडलात की तळाशी हिरवट-पिवळा चिकट थर दिसेल. तो पायलट जेटमध्ये, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, हमखास बसलेला असतो. क्लीनरचा फवारा आणि हवा, एवढंच वापरा. तार घातली की जेटचं भोक मोठं होतं आणि मग आयडलिंग कधीच जागेवर येत नाही.

पॉइंट (उघडताच प्लगला ठिणगी देणारे इग्निशनचे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने घासून पेट्रोलच्या फडक्याने पुसा. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर विकत घ्या, डोळ्याने हे जमत नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, इंजिन थंड असताना, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पाहायचे. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये.

क्लच प्लेटी एकमेकींना चिकटलेल्या असणारच. क्लच दाबून धरा आणि हळू किक फिरवत राहा. या गाडीत किकचा जोर क्लचमधून इंजिनाकडे जातो, त्यामुळे प्लेटी सुटल्या की किक एकदम हलकी पडते.

आता किक. इग्निशन चालू करा, किक कडक लागेपर्यंत सावकाश दाबा. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढा आणि अमीटरवर (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरवर) लक्ष ठेवून किंचित पुढे दाबा. पॉइंट उघडले की काटा डिस्चार्जकडून मधोमध येतो. तिथून केसभर पुढे जा, डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण पायाने मारा. काट्याकडे न पाहता मारलेली किक उलटली तर घोटा गेलाच म्हणून समजा, विशेषतः ठिणगीचं टायमिंग पुढे असेल तर.

इंजिन लागल्याबरोबर वर व्हॉल्व्हच्या रॉकरकडे जाणाऱ्या ऑइल पाइपचा बोल्ट वरच्या टोकाला अर्धा फेरा ढिला करा. मिनिटभरात तिथून ऑइल झिरपलं पाहिजे. नाही झिरपलं तर इंजिन ताबडतोब बंद करा आणि पंप पाहा.

आणि टायरकडे दुर्लक्ष करू नका. बाजूच्या चार आकडी कोडमध्ये पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसो, असा टायर बदलायचा.

प्रश्न : पूर्वी रेल्वेतून जाताना खटखट मोजून वेग काढायचो. आता आवाजच येत नाही. दुसरी काही युक्ती आहे का? (एक निवृत्त शिक्षक, वर्धा)

खटखट होती तोवर हिशेब सुंदर होता. ब्रॉडगेजचा एक रूळ १३ मीटरचा. ४७ सेकंदांत जितके खटके ऐकू येतील, तितका ताशी किलोमीटरमध्ये वेग. कारण सेकंदाला मीटरचा वेग ताशी किलोमीटरमध्ये आणायला ३.६ ने गुणतात, आणि १३ ला ३.६ ने गुणलं की ४६.८ येतात, भाग द्यायची गरजच उरत नाही.

तो आवाज सांध्यातल्या फटीचा होता. पोलादाचा रूळ तापला की लांबतो. १३ मीटरचा रूळ ४० अंशांच्या फरकाला जवळपास ६ मिमी वाढतो, म्हणून प्रत्येक सांध्याला फट ठेवून फिशप्लेटने (दोन रूळ जोडणाऱ्या पोलादी पट्टीने) बांधायचे. आता रूळ जोडून एकसलग केलेले असतात. मग वाढीचं काय होतं? मधल्या भागात वाढ होऊच दिली जात नाही. स्लीपरचे (रुळांखालच्या आडव्या तुळयांचे) क्लिप आणि दोन्ही बाजूंची खडी रुळाला घट्ट धरून ठेवतात, आणि जो ताण यायचा तो रुळाच्या आतच राहतो. हालचाल होते ती दोन्ही टोकांच्या साधारण शंभर मीटरांत, तिथे तिरका सरकता सांधा बसवलेला असतो. म्हणूनच भर उन्हाळ्यात खडी उकरण्याचं काम ट्रॅकमन टाळतात. आधार सुटला की तापलेला रूळ बाजूला सापासारखा वाकतो.

वेगासाठी आता विजेच्या खांबांकडे पाहा. खांबावर दोन आकडे असतात, एक किलोमीटरचा आणि दुसरा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. किलोमीटरचा आकडा बदलला की घड्याळ चालू करा, पुन्हा बदलला की बंद करा. ३६०० भागिले सेकंद म्हणजे वेग. ३६ सेकंद लागले तर १००, ३० लागले तर १२०. एका किलोमीटरवर विसंबू नका, सलग तीन मोजून सरासरी घ्या, कारण खांब बरोबर किलोमीटरच्या रेषेवरच असेल असं नाही.

प्रश्न : इंजिनावरच्या अक्षरांचा अर्थ नातवाला कसा सांगू? (एक आजी, डोंबिवली)

पहिलं अक्षर रुळांच्या रुंदीचं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय मीटरगेज, झेड अडीच फुटी आणि एन दोन फुटी. नेरळ–माथेरानचं डिझेल इंजिन एनडीएम आहे ते त्यामुळेच. पुढे डी म्हणजे डिझेल, ए म्हणजे एसी वीज, सी म्हणजे डीसी. शेवटी पी प्रवासी, जी माल, एम दोन्ही, एस शंटिंग (स्टेशन-यार्डात डबे हलवणं). डब्ल्यूसीएएम-३ मध्ये सी आणि ए दोन्ही आहेत, कारण मुंबईच्या तारांत १५०० व्होल्ट डीसी आणि घाटापलीकडे २५ हजार व्होल्ट एसी असताना दोन्हींवर चालणारं इंजिन लागायचं. डब्ल्यूडीएम-३ए मधला ३ए म्हणजे ३१०० अश्वशक्ती. नातवाला एवढं पुरे, बाकी तो स्वतः शोधेल.

प्रश्न : मोटरसायकल पुण्याहून मुलीकडे भोपाळला रेल्वेने पाठवायची आहे. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, पुणे)

दोन मार्ग आहेत. तुम्ही त्याच रेल्वेगाडीने जाणार असाल तर तिकीट दाखवून लगेज म्हणून, नाहीतर पार्सल म्हणून. लगेज महाग पडतं, पण मोटरसायकल तुमच्याबरोबर पोहोचण्याची शक्यता जास्त. आदल्या दिवशीच पार्सल ऑफिसात जा. आरसी मूळ आणि प्रत, विम्याची प्रत, ओळखपत्र लागतं.

टँक पूर्ण रिकामा हवा. कॉक उघडून पाइपने काढलेलं पेट्रोल पुरत नाही. कार्ब्युरेटरच्या बाउलचा ड्रेन स्क्रूही सोडा, कारण डब्यात गाडी आडवी झाली तर तिथलंच पेट्रोल गळतं. टँकचं झाकण तासभर मोकळ्या हवेत उघडं ठेवा. पेट्रोलचा वास आला तर बुकिंग नाकारतात, वर दंड. पाण्याची बॅटरी असेल तर काढून घ्या, ॲसिड सांडून साखळी आणि रंग दोन्ही खातं.

पॅकिंग स्टेशनबाहेर करून मिळतं, पण तिथे गोणपाटाचा एकच थर गुंडाळतात. आरसे घरीच काढा. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे स्क्रू किंचित ढिले करून लिव्हर खाली फिरवा. धक्का बसला तर लिव्हर सरकेल, तुटणार नाही. हेडलाइट, इंडिकेटर आणि टँकला आधी फोम, मग गोणपाट. हँडल लॉक करू नका, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. हमालांना गाडी ढकलता आली नाही तर ते उचलतात, आणि उचलताना सायलेन्सर आणि मडगार्डच हाताशी येतात.

पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, फोन, दोन्ही स्टेशनं पुठ्ठ्यावर लिहून बांधा आणि तेच जाड मार्करने गोणपाटावरही लिहा. पुठ्ठा फाटतो. चॅसी नंबर आणि मीटरचे फोटो काढून ठेवा. फॉर्मवर गाडीची किंमत जाहीर करून त्यावरचं टक्केवारी शुल्क जरूर भरा. ते नसेल तर नुकसानभरपाई वजनावर ठरते आणि ती फारच थोडी असते.

शक्य तर भोपाळ भागातच प्रवास संपवणारी रेल्वेगाडी निवडा. मधल्या स्टेशनावर गाडी पाच-दहा मिनिटं थांबते. तेवढ्यात आतला माल उतरला नाही तर मोटरसायकल पुढे जाते आणि परत यायला दिवस लागतात. पोहोचल्यावर उशीर करू नका, मुदतीनंतर व्हार्फेज (माल पडून राहिल्याचं शुल्क) चढू लागतं.

प्रश्न : कर्जतला गाडीच्या मागे इंजिनं लावतात. तीच पुढे लावली तर काय बिघडेल? (एक वाचक, बदलापूर)

कर्जतपुढच्या बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. हजार टनांची गाडी या चढावर नुसती धरून ठेवायलाही सुमारे २७ टनांची ओढ लागते. सगळी इंजिनं पुढे असली तर हा सारा भार पहिल्या डब्याच्या कपलिंगवर (डबे जोडणाऱ्या सांध्यावर) येतो आणि वळणांवर डबे आतल्या बाजूला ओढले जातात. मागून रेटा दिला की भार वाटला जातो, आणि दुर्दैवाने कपलिंग तुटलंच तर सुटलेले डबे मागच्या इंजिनावर टेकतात. मात्र मागून जादा रेटलं तर डबे बाहेरच्या बाजूला फेकले जातात, म्हणून पुढच्या-मागच्या चालकांचा ताळमेळ फार महत्त्वाचा.

उतारावर वेगळीच व्यवस्था आहे. मुख्य लाइनीला चढणारी कॅच सायडिंग फुटते आणि रूळ बदलणारा काटा एरवी सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी थांबून चालकाच्या ताब्यात आहे हे सिद्ध झाल्यावरच मुख्य लाइन मिळते. १८६३ साली हा घाट सुरू झाला तेव्हापासून उतरणाऱ्या गाडीची धास्ती सर्वांत मोठी आहे, आणि ती रास्तच आहे. कसाऱ्याच्या थळघाटातही चढ तेवढाच. मध्य रेल्वेच्या राजधानीला २०१९ पासून पुढे-मागे कायमची इंजिनं जोडून बँकर (मागून रेटा देणारी जादा इंजिनं) लावण्या-काढण्याचा वेळ वाचवला आहे.

प्रश्न : येझदीत ऑइल किती टाकावं? हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने गाडी गरम होते. (एक वाचक, कोल्हापूर)

येझदी टू-स्ट्रोक आहे, तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. एक लिटरला ४० मिलि, म्हणजे २५ ला १. नवा बोअर असेल तर पहिले काही टँक ५० मिलि. ‘जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित’ हा समज चुकीचा आहे. ऑइल वाढलं की जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढं कमी होतं आणि मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि त्यानेच इंजिन तापतं.

२० टक्के इथेनॉलनेही मिश्रण पातळच होतं, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. प्लगचं पोर्सेलिन पांढरं दिसत असेल तर जेटच्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर येईल. तरीही पांढरंच राहिलं तर मेन जेट एक नंबर मोठा. प्लग बदामी व्हायला हवा. पेट्रोलचा पाइप इथेनॉल सोसणारा घ्या, जुना रबरी पाइप आतून फुगून गळतो.

खरा धोका पाण्याचा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल टँकच्या तळाशी वेगळं बसतं. तुमचं टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. कॉक तळाशी आहे, म्हणजे इंजिनाला बिनऑइलचा घोट मिळतो आणि पिस्टन जाम होतो. महिनाभर गाडी काढणार नसाल तर टँक आणि बाउल रिकामे करा. शंका असेल तर मापाच्या काचेच्या नळीत १० मिलि पाणी आणि ९० मिलि बिनऑइलचं पेट्रोल घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर २८ मिलिच्या आसपास आला तर इथेनॉल २० टक्के आहे.

आंबा घाट किंवा गगनबावडा उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरवर गाडी सोडू नका. थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही बंद. दर काही सेकंदांनी क्लच दाबून थ्रॉटलला थोडा झटका द्या. आणि वर्षातून एकदा दोन्ही सायलेन्सरच्या शेपटाकडचे नट सोडून आतल्या नळ्या काढा, कार्बन जाळून तारेच्या ब्रशने घासा. गाडी साठच्या वर जाईना म्हणून लोक बोअर उघडतात, अडथळा बहुतेक वेळा तिथेच असतो.