“मॅडम, त्याला गावी पाठवून देऊ का?”

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या केंद्राच्या पायरीवर एक बाई बसून होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत कुणाच्या तरी घरून मिळालेला उरलासुरला फराळ. चार घरच्या पोळ्या लाटून त्या परत निघाल्या होत्या, पण पाय घराकडे वळत नव्हते. आत या म्हटलं तर मान हलवली. “इथंच सांगते मॅडम. पोराला पोलिसांनी नेलं होतं. आता त्याला गावी पाठवून देऊ का? माझ्या भावाकडं. तिथं म्हशी आहेत, शेती आहे. चार फटके खाईल, सुधरेल.”

पुण्यातल्या वस्त्यांमध्ये समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकला आहे की, तो विचारायच्या आधीच मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. म्हणून ही हकीकत लिहिते आहे. मुलाला इथे सोन्या म्हणू. त्याची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे आणि ती मनाई मला मनापासून पटते.

झालं होतं असं. सोन्या सोळा वर्षांचा. दहावीला गणितात राहिला. जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो हे त्याला माहीत होतं, पण त्याने घरी सांगितलंच नाही. दिवसभर करायला काही नाही. एका रात्री तिघांनी मिळून शेजारच्या गल्लीतली मोटारसायकल वायर जोडून सुरू केली आणि कात्रजच्या बोगद्यापर्यंत पळवली. पेट्रोल संपल्यावर तिथेच टाकून चालत परत आले. तिघांतला सगळ्यात मोठा सतरा वर्षांचा. गाडी विकायची वगैरे काही ठरलेलं नव्हतं. सकाळी कॅमेऱ्यात चेहरे दिसले आणि दुपारी पोलीस दारात.

आईच्या डोक्यात पुढचं सगळं चित्र तयार होतं. केस लागली, आता सरकारी नोकरी गेली, पोरगा जेलात जाणार, धाकटीच्या लग्नात हे निघणार. त्या पायरीवर बसूनच मी त्यांना एकेक गोष्ट सांगितली, कारण भीतीने गोठलेल्या माणसाशी मुलाच्या मनाबद्दल बोलून काही पोचत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असतो आणि त्याने मुलाशी साध्या कपड्यांत बोलायचं असतं. २०१५ चा बाल न्याय कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात की गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात कुणी प्रौढ सामील नसेल, तर एफआयआर न करता ठाण्याच्या रोजच्या डायरीत नोंद करायची आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. सोन्याच्या बाबतीत तसंच झालं होतं. आईने ज्या कागदावर रडत रडत सही केली तो मुलाला घरी नेण्याचा कागद होता. त्यांना वाटलं होतं, मुलाला जेलात टाकायला आपणच संमती दिली.

मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक तरी बाई. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची असते. समज देऊन घरी सोडणं, समुपदेशन, समाजसेवा असे आदेश मंडळ देऊ शकतं. आणि पुढे या प्रकरणामुळे मुलगा नोकरीला किंवा शिक्षणाला अपात्र ठरत नाही, हे कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. एवढं ऐकल्यावर बाईंनी पहिल्यांदा पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “म्हणजे त्याला डाग नाही लागणार?”

“कागदावर नाही लागणार,” मी म्हटलं. “वस्तीत लागू द्यायचा की नाही ते आपल्या हातात आहे.”

सोन्या पहिले तीन आठवडे आला आणि “काही नाही” यापलीकडे बोलला नाही. घरी काय चाललंय? काही नाही. शाळेत काय झालं? काही नाही. चौथ्या वेळी मी प्रश्न विचारणं सोडलं आणि त्याच्या मोबाईलच्या फुटलेल्या काचेबद्दल बोलले. काच कशी फुटली ते सांगता सांगता त्याने एक फोटो उघडून माझ्यासमोर धरला. वस्तीच्या तोंडाशी लागलेला वाढदिवसाचा फ्लेक्स. मधोमध गॉगल लावलेला, सोनेरी चेन घातलेला तिथला ‘भाऊ’. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून पोरांच्या चेहऱ्यांच्या दोन रांगा. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि खालच्या रांगेतला डावीकडून सातवा चेहरा दाखवला. अंगठ्याच्या नखाएवढा. “हा मी.”

त्या आवाजात जे होतं ते मी विसरू शकत नाही. दहावीच्या निकालानंतर पाच महिन्यांत या मुलाचं नाव कुणी चांगल्या कारणासाठी घेतलं नव्हतं. आई पहाटे साडेसहाला बाहेर पडते, दुपारी दोन तास घरी, पुन्हा संध्याकाळची कामं. वडील टेम्पो चालवतात, रात्री पिऊन येतात आणि आले की “फुकट खातोय” एवढंच म्हणतात. फ्लेक्सवाल्या भाऊने मात्र त्याचा फोटो मागून घेतला होता. पोरं तिकडे का जातात याचं उत्तर मला त्या नखाएवढ्या चेहऱ्यात मिळालं.

म्हणून गावी पाठवायला मी विरोध केला. गावी त्याला मामाच्या दारात ‘पोलिसांनी पकडलेला भाचा’ म्हणून राहावं लागलं असतं. शिक्षण तुटलं ते तुटलंच. होळीला किंवा पुढच्या दिवाळीला तो परत आला असता, त्याच गल्लीत, त्याच पोरांत. शिवाय आपल्याला घरच्यांनी टाकलं हा राग सोबत घेऊन. मी हे पाहिलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा.

याला अपवाद आहे आणि तो मी प्रत्येक आईला सांगते. मुलाच्या जिवाला धोका असेल, किंवा मोठी माणसं त्याला पुढे करून गुन्हे करवून घेत असतील, तर काही काळ त्याला तिथून हलवणं गरजेचं असतं. पण मग पोलिसांनाही सांगा, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. मुलांना अशा कामाला जुंपणाऱ्या प्रौढांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड अशी तरतूद याच कायद्यात आहे. सोन्याचं प्रकरण तिथवर गेलेलं नव्हतं.

मंडळाने त्याला समुपदेशन आणि समाजसेवा सांगितली. समाजसेवा आमच्याच केंद्रात, संध्याकाळच्या अभ्यासिकेत. पत्र्याची एक खोली, चार ट्यूबलाइट, तीस-पस्तीस पोरं. सोन्याकडे काम दिलं पाचवी-सहावीच्या मुलांना बसवण्याचं आणि कॅरमच्या सोंगट्या मोजून ठेवण्याचं. पाच ते साडेआठ. ही वेळ मुद्दाम ठरवली. आई कामावर, वडील अजून यायचे, घरात अंधार आणि नाक्यावर पोरं जमलेली, तो हाच वेळ असतो. वस्तीतल्या मुलांसाठी काही सुरू करू पाहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी हे साडेतीन तास सांभाळा.

गाड्यांची त्याची जाण चांगली होती, हे तर उघडच होतं. वस्तीच्या कडेला गॅरेज असलेल्या एका मामांशी बोलले. ते आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, “सकाळी दोन तास पाठवा. कामाला नाही, शिकायला. पण गाडीची चावी मी नाही देणार.” ते त्यांनी सोन्यासमोरच सांगितलं आणि सोन्याने ऐकून घेतलं.

घराचं काम त्याहून अवघड होतं. वडील एकदाच आले, दारातच उभे राहिले. “मी काय उपाशी ठेवलाय का त्याला?” मी म्हटलं, नाही दादा, तुम्ही पोसताय म्हणून तर घर उभं आहे. त्यावर ते बसले. दारू सुटली का? नाही. पण आईला मी मुक्तांगणची वाट दाखवली. १९८६ पासून पुण्यात व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या या संस्थेत पिणाऱ्याच्या घरच्यांनाही आधार मिळतो. नवरा तयार नसला तरी आपण काय करू शकतो, हे बाईंना तिथे कळलं. शिवाय आमच्या शुक्रवारच्या पालक बैठकीला त्या यायला लागल्या. पहिल्याच बैठकीत त्यांना दिसलं की समोर बसलेल्या नऊ बायकांपैकी चौघींची पोरं कधी ना कधी ठाण्यात जाऊन आलेली आहेत. एकमेकींना तोंड चुकवणाऱ्या या बायका आता कुणाचं पोर रात्री नाक्यावर दिसलं तर एकमेकींना फोन करतात. हे मी शिकवलेलं नाही, त्यांनी आपणहून सुरू केलं.

सगळं सरळ झालं नाही. जानेवारीत सोन्या आठ दिवस गायब होता. भाऊच्या कुणाचा तरी वाढदिवस होता. आईने पुन्हा पिशवी भरायला घेतली, गावची. मी त्याच्या घरी गेले नाही. अभ्यासिकेतल्या पाचवीच्या दोघांना पाठवलं. त्यांनी जाऊन एवढंच विचारलं, “दादा, सोंगट्या कुठं ठेवल्यास?” दुसऱ्या दिवशी तो आला.

खेळ, नाटक, अभ्यासिका, ढोलपथक, यांतलं काय चालवावं असं कार्यकर्ते मला विचारतात. मला वाटतं, कशानेही चालेल. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांच्या हाती फुटबॉल दिला, त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला आणि वस्तीतली मुलं आपलं जगणं स्वतःच्या नाटिकांमधून मांडू लागली. साधनं वेगळी, पण मुलाची वाट पाहणारं कुणीतरी दोन्हीकडे होतं. एका दिवसाच्या शिबिरावर माझा म्हणूनच विश्वास नाही. व्याख्यान होतं, खाऊ मिळतो, मुलं घरी जातात. दुसऱ्या दिवशी त्यातला एखादा आला नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही.

फेब्रुवारीत मंडळाने प्रकरण मिटवलं. समाजसेवेचे तास संपले, तरी सोन्या येत राहिला. मार्चमध्ये त्याने गणिताचा पेपर दिला, पुन्हा राहिला. या वेळी निकाल त्याने स्वतः आईला सांगितला आणि पुरवणीचा फॉर्मही भरला. पेपर जुलैत आहे.

अभ्यासिकेची चावी गेल्या महिन्यापासून त्याच्याकडे आहे. बुटाच्या लेसमध्ये ओवून गळ्यात घालतो. परवा पावसामुळे गॅरेजमध्ये काम अडकलं आणि पाच वाजून गेले. मी पोचले तेव्हा पायरीवर अकरा पोरं दप्तरं डोक्यावर धरून उभी होती. जा म्हटलं तर एकही हलेना. “दादा येतोय,” म्हणाली. सव्वापाचला तो धावत आला, कोपरापर्यंत हात ग्रीसने काळे. चावी धरवेना म्हणून त्याने मान पुढे केली आणि सगळ्यात लहान पोराने त्याच्या गळ्यातली लेस काढून कुलूप उघडलं.