वाचक विचारतात : 'शाइन'मधला बाप

प्रश्न : 'शाइन' पाहिला. त्यातल्या बापाने झोप उडवली. हा जर्मन नट कोण? इंग्रजी याची भाषा नाही, तरी हॉलिवूडमध्ये कसा चालला? राज्य नाट्य स्पर्धेत आमची नागपुरी बोली लपवण्यातच आमचा निम्मा जीव जातो, म्हणून विचारतो. याचं आणखी काय पाहावं?
– एक हौशी नट, महाल, नागपूर

उत्तर : हे आर्मिन म्युलर-श्टाल. जन्म १९३०. शिक्षण व्हायोलिनचं. 'शाइन'मध्ये बाप मुलाला आपलं व्हायोलिन फोडलं गेल्याची गोष्ट ऐकवतो, तो प्रसंग हे लक्षात ठेवून पुन्हा पाहा. याच भूमिकेला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन होतं.

पूर्व जर्मनीत ते मोठे नट होते. १९७६ मध्ये सरकारने गायक वोल्फ बियरमान यांचं नागरिकत्व काढून घेतलं. त्याच्या निषेधपत्रावर यांनी सही केली आणि कामं आटली. १९८० मध्ये पश्चिम जर्मनीत आले, दिग्दर्शक फासबिंडरच्या 'लोला'त दिसले. अमेरिकेतला 'म्युझिक बॉक्स' १९८९ चा, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावरचा.

उच्चार त्यांनी लपवला नाही. 'म्युझिक बॉक्स', 'अ‍ॅव्हलॉन', 'शाइन' या तिन्हींत माणूस परमुलखातून आलेला, तिथे तो उच्चार शोभतोच. पण शब्द कुठेही गिळलेला नाही. आपल्याकडे घोळ होतो तो इथे : हेल नागपुरी असल्याने काही बिघडत नाही, वाक्याचा शेवट खाल्ला की मागच्या रांगेला काही कळत नाही.

सुरुवात 'नाइट ऑन अर्थ'पासून (१९९१) करा. पाच टॅक्सींच्या पाच गोष्टी, यांची दुसरी, न्यूयॉर्कची. पूर्व जर्मनीतून आलेल्या हेल्मुटला ऑटोमॅटिक गाडी चालवता येत नाही. एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, दुसरा ब्रेकवर. गाडी बर्डीच्या गर्दीत पहिल्यांदा आणलेल्या शिकाऊसारखी आचके देते. शेवटी गिऱ्हाईकच स्टिअरिंग हातात घेतं. पुढे हा एकदम दोन बासऱ्या तोंडात धरून वाजवतो. एकदा आवाज बंद करून पाहा, नुसत्या चेहऱ्यावर किती चाललंय ते कळेल.

नंतर 'याकोब डेर ल्युग्नर'. शोधताना १९७५ आणि दिग्दर्शक फ्रांक बायर हे दोन्ही टाका, नाहीतर याच गोष्टीवरचा रॉबिन विल्यम्सचा १९९९ चा इंग्रजी सिनेमा लागतो. तो वाईट आहे असं नाही, पण तुम्हाला हवा तो नव्हे. आणि म्युलर-श्टाल दोन्हींत आहेत, तेव्हा चेहरा ओळखीचा दिसला म्हणून फसू नका; ते डॉक्टर झालेले दिसले तर तो १९९९ चा.