परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या अटीवर देखरेखीखाली, सुटलेला अल्पवयीन मुलगा पुन्हा गुन्ह्याकडे वळू नये, यासाठी वस्तीतले कार्यक्रम उपयोगी पडतात का?

होय, उपयोगी पडतात, विशेषतः जे कार्यक्रम मुलासोबत त्याचे कुटुंब, शाळा आणि संगत यांवरही काम करतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १८ नुसार बाल न्याय मंडळ गटसमुपदेशन, समाजसेवा किंवा जास्तीत जास्त तीन वर्षांची परिवीक्षा असे आदेश देऊ शकते, आणि त्यासोबत शाळेत जाणे, व्यवसाय प्रशिक्षण किंवा व्यसनमुक्ती उपचार घेणेही बंधनकारक करू शकते. म्हणून मुंबईतल्या डोंगरीच्या निरीक्षणगृहातून (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ती जागा) घरी परतलेल्या मुलाच्या पालकांनी परिवीक्षा अधिकाऱ्याशी पहिल्याच भेटीत शाळाप्रवेशाबद्दल बोलावे. अधिकाऱ्याकडे नुसती हजेरी लावून मुलाचा रिकामा दिवस भरत नाही. धाक दाखवणे तर घातकच ठरते: अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी घाबरवणाऱ्या कार्यक्रमांच्या नियंत्रित अभ्यासांत, त्या कार्यक्रमांना गेलेल्या मुलांकडून, न गेलेल्या मुलांच्या तुलनेत, पुढे उलट अधिक गुन्हे घडल्याचे दिसले. एक काळजी मात्र घ्यावी: किरकोळ चुकीसाठी आलेल्या मुलाला गंभीर गुन्ह्यांत अडकलेल्या मुलांच्या गटात बसवू नये, कारण अशा गटात मुले एकमेकांच्या वाईट वर्तनाला दाद देतात आणि चांगल्या हेतूने सुरू केलेले समुपदेशनही अंगलट येऊ शकते.