वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयाचे खुले कार्यक्रम

प्रश्न : आमचे महाविद्यालय लहान आहे. व्याख्याने, मैफली, नाटके आणि चित्रप्रदर्शने सर्वांसाठी विनामूल्य खुली असतात, तरीही बाहेरचे लोक जेमतेम पहिल्या दोन रांगा भरतील एवढेच येतात. प्रसिद्धी वाढवावी, की विद्यार्थ्यांना उपस्थिती सक्तीची करावी? — एक प्राध्यापिका

उत्तर : सक्तीचा विचार सोडून द्यावा. हजेरीसाठी बसवलेल्या श्रोत्यांची चुळबुळ वक्त्याला तर जाणवतेच, शिवाय आवडीने आलेला माणूसही तिच्यामुळे पुढच्या वेळी येईनासा होतो.

प्रसिद्धीचे म्हणाल, तर पत्रिकेवर ‘सर्वांना प्रवेश’ असे छापलेले असले, तरी बाहेरच्या माणसाच्या मनातल्या शंका फार साध्या असतात : कोणत्या फाटकातून आत जायचे, लहान मूल बरोबर आणले तर चालेल का, कार्यक्रम किती वाजता संपेल, मध्येच उठता येईल का. एवढी माहिती पत्रिकेत आली आणि स्वागतपर भाषणे पाच मिनिटांत आवरली, तर बराच फरक पडेल. (ही भाषणे ऐकायला कोणी येत नसते, हे आयोजकांना सोडून सर्वांना ठाऊक असते.)

खरी अडचण मात्र मला वेगळीच वाटते. तुमचे कार्यक्रम सुटे सुटे आहेत; एकाला आलेल्या माणसाला दुसऱ्याला येण्याचे काही कारण मिळत नाही. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये विद्यापीठाबाहेरील लोकांसाठी व्याख्याने सुरू केली, तेव्हा त्यामागची प्रेरणा असलेल्या जेम्स स्टुअर्ट यांचा भर एकेकट्या भाषणावर नव्हता, तर एकाच विषयावरच्या सलग व्याख्यानमालेवर होता. श्रोत्यांना विषयाची छापील रूपरेषा आधी मिळे, घरी सोडवायला लेखी प्रश्न दिले जात आणि व्याख्यानाला जोडून चर्चा होई. लहान महाविद्यालयाला हे सहज जमण्यासारखे आहे, कारण त्यासाठी नामवंत पाहुणे लागत नाहीत. आपलेच प्राध्यापक पुरतात. महिन्यातला एक वार आणि एक वेळ ठरवावी व ती परीक्षेच्या दिवसांतही मोडू नये. त्याचबरोबर परिसरातील गायक, हौशी नाट्यसंघ किंवा वाचनालय यांना नुसते निमंत्रण न देता आखणीच्या बैठकीतच बोलवावे, म्हणजे त्यांची माणसे त्यांच्याबरोबर येतील.

प्रश्न : आमच्या सभागृहात मागच्या रांगांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. मोठे ध्वनिक्षेपक घ्यावेत का? — एक विद्यार्थी प्रतिनिधी

उत्तर : घाई करू नये. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात हीच तक्रार होती. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. १८९५ मध्ये वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आले आणि त्याने दुसऱ्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून, त्या कमी-जास्त करत मोजमापे घेतली. खोलीचे आकारमान आणि आतल्या वस्तू ध्वनी किती शोषतात, यांवर हा घुमारा अवलंबून असतो, हे त्याने दाखवून दिले. घुमणाऱ्या सभागृहात नुसता आवाज मोठा केला, तर त्याबरोबर घुमाराही मोठा होतो. तेव्हा आधी जाड पडदे आणि मागच्या भिंतीवर ध्वनिशोषक आच्छादन लावून पाहावे. माणसांची शरीरेही ध्वनी शोषतात, म्हणून चाचणी रिकाम्या सभागृहात करून समाधान मानू नये. तोवर व्याख्याने ग्रंथालयात घ्यावीत आणि सभागृह गायन-वादनासाठी ठेवावे. थोडा घुमारा संगीताला चालतो.