मुलाच्या आजारपणात पगारी मदतनीस नेमावा का?

दीर्घ आजार असलेल्या मुलांचे पालक माझ्याकडे एक शंका वारंवार घेऊन येतात: रुग्णालयातील कामांसाठी पैसे देऊन रुग्णसाहाय्यक नेमला, तर आपण जबाबदारी झटकली असे होईल का? ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका आईची हकिगत सांगते.

तिच्या ७ वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा गंभीर आनुवंशिक आजार होता. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवणे, शरीरात साचणारे लोह कमी करणारे औषध रोज देणे, फेरिटिनचे, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे, अहवाल जपणे आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालणे, हे सारे ती एकटी करीत होती.

"परक्या माणसाला माझ्या मुलाचे काय कळणार, मॅडम? हे आईनेच करायला हवे."

"रक्त चढत असताना तुम्ही कुठे असता?"

"रक्तपेढीत, नाहीतर बिलाच्या रांगेत."

"आणि त्याच्याजवळ?"

"कोणी नसते," ती म्हणाली आणि रडू लागली. "सुई टोचताना तो मला हाक मारतो, असे सिस्टर सांगतात."

मी सांत्वनाची घाई केली नाही, हे मला आजही योग्य वाटते. आजाराचे दुःख अटळ असते. पण सगळे आपणच केले पाहिजे या आग्रहाने माणूस त्यात भर घालतो, असे मी मानते. पुढच्या भेटीत तिने स्वतःच कामांची विभागणी करून आणली: मुलाच्या उशाशी बसणे आणि उपचारांचे निर्णय पालकांकडे, कागदपत्रे इतरांकडे.

पगारी माणूस शोधण्यापूर्वी सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना किंवा धर्मादाय रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे, कारण त्यांची मदत विनामूल्य असते. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, तसेच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे. हे ठाऊक नसल्याने अनेक कुटुंबे विनाकारण कर्ज काढतात. तरीही माणूस नेमायचा झाल्यास कामे आणि मोबदला लेखी ठरवावा, रुग्णालयाकडून किंवा औषध दुकानाकडून तो दलाली घेतो का हे स्पष्ट विचारावे आणि मूळ कागदपत्रे त्याच्याकडे कधीही ठेवू नयेत.

त्या आईने प्रमाणपत्र आणि विम्याचे दावे एवढ्याच कामांसाठी माणूस नेमला. रक्ताची व्यवस्था तिच्या पतीने स्वतःकडे घेतली.