शिबिराचे पैसे भरण्याआधी

मे महिना जवळ आला की ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या मुलांच्या पालकांकडून सुट्टीतल्या शिबिरांबद्दल तेच ते प्रश्न येतात. त्यांतले काही इथेच निकालात काढते.

मुलगा आठ वर्षांचा, ऑटिझम आहे. शिबिरवाल्यांना सांगितलं तर घेत नाहीत म्हणे. लपवू का? (पालक, फोंडा)

लपवू नका. लपवून प्रवेश मिळेल, पण दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजताच तो कान झाकून टेबलाखाली शिरला की ताई त्याला हट्टी ठरवून हाताला धरून ओढणार. एका पानावर लिहून द्या: कशाने बिथरतो, बिथरल्यावर काय करायचं, काय मुळीच करायचं नाही, शी-शू आल्याचं कसं सांगतो, फिट येते का. आधी एकदा जागा दाखवून आणा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम नावानिशी आहे, हे आयोजकांच्या कानावर घालायला हरकत नाही. पण नको म्हणणाऱ्याशी भांडून मूल त्याच्याच हवाली करू नका.

मुलीची एडीएचडीची गोळी सुट्टीत बंद ठेवू? शेजारच्या काकू म्हणतात, मेंदूला विश्रांती हवी. (आई, मडगाव)

काकूंना नको, गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. भूक, वजन, उंची बघून काही मुलांची मिथाइलफेनिडेट (एडीएचडीवरचं नेहमीचं औषध) सुट्टीत थांबवतात. तो निर्णय त्यांचा. फिटची गोळी मात्र एक दिवसही स्वतःहून चुकवायची नाही. रिस्पेरिडोन (खूप चिडचिड, मारकुटेपणा यांसाठी देतात ते औषध) चालू असेल तर उकाड्यात जपा, काहींना त्यामुळे घाम कमी येऊन अंग तापतं.

मुलगा वरणभात सोडून काही खात नाही. डबा दिला तर चालेल? (बाबा, डिचोली)

चालेल. द्या.

समुद्रकिनाऱ्यावरचं शिबिर आहे. मुलगी सहा वर्षांची, ऑटिझम, पाणी म्हणजे जीव की प्राण. जीवरक्षक असतातच ना? (आई, म्हापसा)

असतात. पण ते अख्खा किनारा बघतात, एकट्या तुमच्या मुलीला नाही. इथे मी लांबण लावणार आहे, वाचाच.

अमेरिकेतल्या 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात 2012 साली एक पाहणी आली होती. ऑटिझम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर कधी ना कधी मोठ्यांची नजर चुकवून निघून जायचा प्रयत्न केला होता. अशी मुलं पुष्कळदा पाण्याकडेच जातात, आणि त्यांच्या अपघाती मृत्यूंत बुडणं हे मोठं कारण आहे. सगळे मिळून लाटांत खेळतात तेव्हा निदान सगळ्यांचे डोळे पाण्यावर असतात. मला भीती वाटते ती जेवणाच्या वेळेची, ताया पानं वाढण्यात गुंतलेल्या असतात तेव्हाची, आणि निघताना बस भरत असते तेव्हाची. बरं, समुद्रच कशाला? आपल्याकडे अंगणात विहीर, देवळापुढे तळी, कुळागरात (सुपारीच्या बागेत) पाट, आणि आता भाड्याच्या बंगल्याबंगल्यात तरणतलाव. डोंगरातल्या शिबिराला पाठवलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

आयोजकांना विचारा: माझ्या मुलीवर नजर कोणाची? नाव सांगा. ती व्यक्ती जेवायला गेली की कोण? "आमचं सगळ्यांचं लक्ष असतं" असं उत्तर आलं तर पैसे भरू नका. जबाबदारी सोपवताना "आता ही तुझ्याकडे" असं तोंडाने म्हणायचं आणि समोरच्याने "हो" म्हणायचं. हवेची चाकं, दंडाचे फुगे ही खेळणी आहेत. मापाचं लाइफ जॅकेट, पट्टे आवळलेलं, हवं. मनगटावर तुमचा फोन नंबर. मूल दिसेनासं झालं तर पहिल्यांदा पाणी बघायचं, खोल्या आणि संडास नंतर, आणि तेवढ्यात एकाने 112 लावायचा. पोहायला जरूर शिकवा, पण पोहता येतं म्हणून नजर काढायची नाही. फिट येत असेल तर पाण्यात उतरवण्याआधी तिच्या डॉक्टरांशी बोला.

"21 दिवसांत ऑटिझममुक्ती" असं निवासी शिबिर आहे. अर्धी फी आगाऊ मागतात. (पालक, पेडणे)

भरू नका. 21 दिवसांत काय, 21 महिन्यांतही ऑटिझम 'जात' नाही. मूल शिकतं, सावरतं, ते निराळं. अशाच लोकांकडून पुढे स्टेम सेलचं (शरीरात मूळ पेशी सोडण्याच्या उपचाराचं) आमिष येतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच ऑटिझमसाठी त्या उपचाराची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलंय. आणि पत्रकावर 'सर्वसमावेशक' छापायला खर्च येत नाही. किती मुलांमागे किती माणसं, आणि त्यांना कोणी शिकवलं, ते विचारा. फोन ठेवून देतील.

नातू साडेतीन वर्षांचा, बोलत नाही. त्याचे बाबाही उशिराच बोलले. शिबिरात मुलांत मिसळून बोलेल? (आजी, वाळपई)

आजी, शिबिर म्हणजे उपचार नव्हे, आणि बाबांचं उदाहरण त्याच्या उपयोगाचं नाही. आधी कान तपासायचे, मग विकासाची तपासणी. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) बालरोग विभागात न्या. सुट्टी लागल्यावर नाही, या आठवड्यात.