आयआयटीतल्या मुलींच्या जादा जागांमुळे मुलांच्या जागा कमी होतात का?

नाही. या जागा मूळ संख्येवर वाढवून दिलेल्या आहेत, मुलांच्या काढून नव्हे. या जागा सुरू होण्यापूर्वी बी.टेक.ला मुली जेमतेम ८ टक्के होत्या, आणि ते लाजिरवाणंच होतं. म्हणून २०१८ मध्ये १४, २०१९ मध्ये १७ आणि २०२० मध्ये २० टक्के असं लक्ष्य ठरलं. जेईई अॅडव्हान्स्डची पात्रता मात्र मुलींनाही मिळवावीच लागते. परीक्षा आणि गुणवत्ता यादी तीच. 'जोसा'च्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या संयुक्त प्रवेश यंत्रणेच्या, जागावाटपात मुलीचा विचार आधी मुलींसाठीच्या जागेवर होतो, ती मिळाली नाही तर सर्वांसाठीच्या. त्यामुळे मुलींनी पसंतीक्रम भरताना गेल्या वर्षी मुलींना जागा मिळालेले शेवटचे क्रमांक वेगळे पाहावेत. फक्त सर्वसाधारण आकडे पाहिले, तर मिळण्याजोगी शाखाही यादीतून सुटते.